सिक्स्तेनचा होकार

सिक्स्तेनने गुनवोरला लग्नाचं पहिल्यांदा विचारलं तेव्हा तो शिडीवर होता. घराच्या भिंतीतला चुनखडीचा एक दगड सुटला होता. तो दगड सिक्स्तेन परत बसवत होता आणि गुनवोर खाली शिडी धरून उभी होती.

"हात मोकळे असते तर गुडघ्यावर बसून विचारलं असतं," तो वरून म्हणाला. "पण तू चालवून घे."

"आधी दगड बसव. आणि माझं विचारशील तर नाही."

"दगडाला नाही की मला?"

"लग्नाला. तुला कुठे नाही म्हणतेय? तुझ्याच घरात राहतेय ना?"

सिक्स्तेनने दगडावर आणखी दोन ठोके दिले, खाली उतरला आणि दोघं कॉफी प्यायला आत गेली. पुढे तो अधूनमधून विचारत राहिला. एकदा बोटीवर, वादळात, ती ओकाऱ्यांनी बेजार झालेली असताना. एकदा अडलेल्या मेंढीची सुटका करताना, दोघांचे हात कोपरापर्यंत माखलेले असताना. दर वेळी ती नाही म्हणायची आणि तो म्हणायचा, "बरं, पुढच्या खेपेला." त्या घरातली ती एक जुनी थट्टाच होऊन बसली.

घर स्वीडनच्या गॉटलंड बेटावरचं. विस्बी शहराच्या उत्तरेला, समुद्राला अगदी लागून, सिक्स्तेनच्या वडिलांनी बांधलेलं. सिक्स्तेन पाथरवट होता. शहराच्या जुन्या तटबंदीची डागडुजी करण्यात त्याचा जन्म गेला. तरुणपणी तो मुख्य भूमीवर राहत होता. तिथे त्याची बायको होती, यल्वा नावाची लहान मुलगी होती. ते लग्न मोडलं आणि तो एकटाच बोटीत बसून वडिलांच्या घरी परत आला. त्यानंतर वर्षभराने शाळेत भाषा शिकवणारी गुनवोर त्याला भेटली आणि आपली पुस्तकं घेऊन त्याच्याकडे राहायला आली.

लग्नाविना एकत्र राहण्याने तिथे कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. अशा जोडीदाराला 'सांबो' म्हणतात, आणि राष्ट्रीय शिरस्ता असावा इतकी सांबो माणसं घरोघर असतात. त्यामुळे गुनवोरच्या नकाराचं कुणाला नवल वाटलं नाही. त्यामागचं कारण मात्र एकट्या सिक्स्तेनला माहीत होतं, आणि ते कारण म्हणजे एक शब्द होता.

'एक्ता'. आपल्या एकतेशी याचं काही नातं नाही. एक्ता म्हणजे अस्सल, खरं. एक्ता चांदी, एक्ता मोती. पण एक्ता म्हणजे लग्नाचंही. लग्नाची बायको ती एक्ता बायको. आणि लग्नाच्या बाहेर जन्मलेलं मूल असेल तर त्या शब्दाच्या आधी 'ऊ' लागायचा, आपल्या 'अ' किंवा 'अन'सारखा. ऊएक्ता मूल. सरकारी कागदांतून तो शब्द कधीच हद्दपार झाला होता, पण लोकांच्या तोंडातून जायला त्याने भरपूर वेळ घेतला.

गुनवोरची आई एका औषधविक्रेत्याच्या घरी मोलकरीण होती. बाप कोण हे तिने कुणालाच सांगितलं नाही, लेकीलाही नाही. गुनवोर लहान असताना वर्गातल्या एका मुलीच्या वाढदिवसाला गेली होती. आईने तिच्या गळ्यात खोट्या मोत्यांची माळ घातली होती. टेबलापाशी त्या मुलीची मावशी दुसऱ्या बाईला हळूच म्हणाली, "ही ऊएक्ता ना गं?" गुनवोरला ऐकू गेलं. तिला वाटलं माळेबद्दलच चाललं आहे. ती माळ बोटांत धरून मोठ्या ऐटीत म्हणाली, "हो, पण आई म्हणते, लांबून खऱ्यासारखीच दिसते."

दोघी बायका हसल्या. त्या का हसल्या हे तिला पुढे दोन-तीन वर्षांनी कळलं, आणि कळल्यावर पुन्हा तेवढीच लाज वाटली. त्यानंतर तिने मनाशी एक गोष्ट पक्की केली. कुणी पाद्री किंवा कारकून येऊन आपल्याला 'एक्ता' करणार असेल, तर आपल्याला व्हायचं नाही. आपण आहोत तशा आहोत.

हे तिने सिक्स्तेनला सांगितलं तेव्हा त्याने कोपऱ्यातला हातोडा उचलला. मग म्हणाला, "त्या मावशीचं घर कुठे आहे? भिंत पाडून येतो."

निवृत्त झाल्यावर गुनवोर विस्बीत परदेशातून आलेल्या लोकांना स्वीडिश शिकवू लागली. आठवड्यातून दोन संध्याकाळी वर्ग भरायचा. त्यात लेमलेम नावाची एरिट्रियाची बाई होती. दिवसा ती इस्पितळात रुग्णांची शुश्रूषा करायची आणि संध्याकाळी दमून आलेली असूनही सगळ्यांत जास्त प्रश्न तीच विचारायची.

त्या सप्टेंबरात एकदा वर्गात विशेषणं चालली होती. आपल्या 'मोठा, मोठी, मोठं'सारखं स्वीडिश विशेषणही नामाप्रमाणे रूप बदलतं. काही नामांपुढे त्याला शेवटी 'त' लागतो, एकाची अनेक झाली की 'आ' लागतो. गुनवोर फळ्यावर घर, होडी, घरं, होड्या लिहीत होती. लेमलेमने हात वर केला.

"बाई, मी दुकानाच्या काचेवर वाचते. एक्ता चांदी, एक्ता गालिचे, एक्ता मध. हा शब्द का बदलत नाही? सरकारी आहे का? कुणासाठीच जागचा हलत नाही."

वर्ग हसला. गुनवोरही हसली.

"सरकारी नाही, पाहुणा आहे," ती म्हणाली. "जर्मन व्यापारी आपल्या याच बंदरात यायचे ना, त्यांच्या जहाजातून आलाय. त्यांच्या जुन्या बोलीत 'ए' म्हणजे कायदा. कायद्याने बांधलेलं ते एख्ते. पुढे कायदा म्हणजेच लग्न असा अर्थ झाला. म्हणजे आधी बायको एख्ते झाली, मग मूल, आणि सोनंचांदी सगळ्यांत शेवटी."

"आणि 'त'ची शेपटी कुठे गेली?"

"आपल्याकडे आला तेव्हा त्या शब्दाच्या शेवटी 'आ' आयताच बसलेला. आता 'त'ने बसायचं कुठे? जागाच नाही. जर्मनीत अजूनही तो चांगला वाकतो, लिंग बघून, वचन बघून. इथे आला आणि ताठ झाला."

"आमचं उलट झालं, बाई," लेमलेम म्हणाली. "आम्ही घरी ताठ होतो. इथे येऊन वाकलो."

त्या संध्याकाळी जेवताना गुनवोरने हा किस्सा सिक्स्तेनला सांगितला. मासे आणि उकडलेले बटाटे होते. त्याने काटा खाली ठेवला.

"म्हणजे तो शब्द आपला नव्हताच? जर्मनांचा?"

"जर्मनांचा."

"मग आपण त्याच्यावर कशाला रुसून बसलोय? परक्याचं सामान, बंदरात उतरलं, पडून राहिलं. आता तरी करायचं का लग्न?"

"बटाटे गार होतायत."

"म्हणजे नाही."

"म्हणजे नाही," ती हसून म्हणाली.

"बरं. पुढच्या खेपेला."

त्याच आठवड्यात एका सकाळी तो लाकडं फोडायला गोठ्यामागे गेला. बराच वेळ कुऱ्हाडीचा आवाज आला नाही म्हणून गुनवोर बघायला गेली. तो ओंडक्याला टेकून बसला होता. तोंडाची एक बाजू खाली ओघळली होती. उजवा हात मांडीवर असा पडला होता, जणू तो दुसऱ्याच कुणाचा असावा. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि काहीतरी बोलला, पण त्या आवाजात एकही शब्द नव्हता.

मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. जीव वाचला. काही दिवसांनी त्याला पुनर्वसनाच्या वॉर्डात हलवलं, तिथे नेमकी लेमलेम कामाला होती. ती त्याला कूस बदलायला मदत करायची, दाढी करायची, आणि गुनवोर आली की खुर्ची ओढून द्यायची. हळूहळू सिक्स्तेनला एक शब्द परत मिळाला. 'नाही.'

"कॉफी हवी?"

"नाही," म्हणायचा आणि डाव्या हाताने कप ओढून घ्यायचा.

"थंडी वाजतेय?"

"नाही," म्हणायचा आणि हनुवटीने पांघरुणाकडे खूण करायचा.

वाचेवर उपचार करणारी तरुण मुलगी होती. तिने गुनवोरला समजावलं. "हो आणि नाही हे एकाच कप्प्यात असतात असं समजा. त्यांचा हात कप्प्यापर्यंत पोचतो, पण बाहेर दर वेळी 'नाही'च येतं. त्यांना वाटतं आपण बरोबर बोललो."

"मग त्यांना हवंय काय हे कळायचं कसं?"

"बघत राहायचं," ती मुलगी म्हणाली. यापलीकडे तिच्याकडेही काही नव्हतं.

गुनवोर बघत राहिली. त्याच सुमारास एका ओळखीच्या वकीलबाईंनी तिला विचारलं, घर कुणाच्या नावावर आहे? मृत्युपत्र केलंय का? सिक्स्तेनने केलं नव्हतं. कागद म्हटलं की त्याच्या अंगावर काटा यायचा आणि गुनवोरच्याही. वकीलबाईंनी मग सौम्यपणे सांगितलं की सांबोला वारसाहक्क नसतो. घर त्याचं आधीपासूनचं, वडिलांकडून आलेलं. त्याचं काही बरंवाईट झालं तर सगळं मुलीचं. आता या अवस्थेत मृत्युपत्रही ग्राह्य धरलं जाणार नाही. एखादे वेळेस लग्न मात्र धरतील, आणि बायकोला निम्मा वाटा मिळतो...

गुनवोर घरी येऊन स्वयंपाकघरात बसून राहिली. आपल्याला लग्न घरासाठी हवंय की त्याच्यासाठी, हे तिने स्वतःला विचारून पाहिलं. प्रामाणिक उत्तर मिळेना. एवढं मात्र तिला कळत होतं की तो इतकी वर्षं विचारत होता, आणि आता तो विचारू शकत नाही. आता विचारायची पाळी आपली.

दुसऱ्या दिवशी तिने त्याचा डावा हात हातात घेतला.

"सिक्स्तेन, माझ्याशी लग्न करतोस?"

त्याचे डोळे मोठे झाले. तोंडाच्या चांगल्या बाजूने तो हसायला लागला आणि हसता हसता रडायला लागला. तिचा हात त्याने गालावर दाबून धरला.

"नाही," तो म्हणाला. "नाही, नाही, नाही."

लग्नाला दोन साक्षीदार लागतात. लेमलेमने आपण होऊन विचारलं, "मी चालेन का, बाई?" दुसरी साक्षीदार यल्वा, सिक्स्तेनची मुलगी. ती मुख्य भूमीवर नॉरशॉपिंगला राहायची, वय पन्नाशीच्या आसपास, लग्न झालेलं, मुलं उशिरा झालेली. बापाकडे ती उन्हाळ्यात दोन-चार दिवस यायची, नीट वागायची, निघताना भांडी विसळून जायची. गुनवोरशी तिचं कधी वाजलं नाही आणि कधी जमलंही नाही. तिने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "येते मी."

लग्न लावायला आले ते हेनिंग रोसवाल. ते शहरातले निवृत्त ग्रंथपाल, अशी साधी लग्नं लावायचा त्यांना अधिकार होता. पाद्री नको, एवढं गुनवोरचं ठरलेलं होतं. पण हेनिंगनी शब्द कोणते हवेत विचारलं तेव्हा ती जराशी अडखळली.

"जुनेच म्हणा. एक्ता पत्नी म्हणून, असंच म्हणा."

"हल्ली तसं कुणी मागत नाही."

"माहीत आहे. तरी म्हणा."

वॉर्डाच्या बैठकीच्या खोलीत खिडकीतून समुद्र दिसत होता. लेमलेमने टेबलावर स्वच्छ कापड घातलं होतं, केशराचा तांदळाचा केक आणला होता, वर साय आणि रानफळांचा मुरंबा. सिक्स्तेनला कोट चढवला होता. निर्जीव हात बाहीतून घालताना लेमलेम आणि गुनवोर दोघींची दमछाक झाली होती आणि तो चेष्टेच्या सुरात "नाही, नाही" करत होता. यल्वा सकाळच्या बोटीने आली होती. ती बापाच्या खुर्चीमागे उभी राहिली.

हेनिंगनी घसा साफ केला. सिक्स्तेनचं पूर्ण नाव घेतलं, गुनवोरचं पूर्ण नाव घेतलं. "हिला तू आपली एक्ता पत्नी म्हणून स्वीकारतोस का, सुखात आणि दुःखात तिच्यावर प्रेम करशील का?"

सिक्स्तेन ताठ बसला. इतक्या दिवसांत कुणी त्याला इतकं ताठ बसलेलं पाहिलं नव्हतं.

"नाही!" तो म्हणाला. खणखणीत, साऱ्या खोलीला ऐकू जाईल असं.

लेमलेमला हसू आलं. गुनवोरलाही आलं. हेनिंगही हसले, मग गंभीर झाले.

"त्यांना मान हलवता येईल?"

"येते," गुनवोर घाईने म्हणाली. "सिक्स्तेन, मान हलव. हो असेल तर अशी."

त्याने मान डोलावली, जोरजोरात, आणि पुन्हा म्हणाला, "नाही!"

हेनिंगनी चष्मा काढून पुसला. "मला त्यांना आणखी काही विचारू द्या," ते म्हणाले. "सिक्स्तेन, आपण विस्बीत आहोत का?"

मान डोलली. "नाही."

"आपण आफ्रिकेत आहोत का?"

मान डोलली, तितक्याच उत्साहाने. "नाही."

"मी तुमचा भाऊ आहे का?"

मान डोलली.

हेनिंगनी हातातली पुस्तिका टेबलावर ठेवली. "गुनवोर, तुम्हाला काय वाटतं ते मला दिसतंय. मलाही तसंच वाटतं. पण माझ्या वाटण्यावर मी सही करू शकत नाही. माणसाने होकार दिला, असं मला म्हणता आलं पाहिजे." मग त्यांनी यल्वाकडे पाहिलं. "तुम्ही त्यांची मुलगी. त्यांच्या मनात काय आहे असं तुम्ही सांगाल?"

यल्वाचे हात खुर्चीच्या पाठीवर होते. तिने बापाच्या डोक्याकडे पाहिलं, पांढऱ्या केसांमधून दिसणाऱ्या गुलाबी कातडीकडे.

"मला सांगता येणार नाही," ती म्हणाली.

"यल्वा," गुनवोर म्हणाली.

"मला खरंच सांगता येणार नाही, गुनवोर."

हेनिंगनी पुस्तिका बॅगेत घातली. डॉक्टरांशी बोलतो, थोडी सुधारणा झाली की लगेच परत येतो, असं ते दोनदा म्हणाले. त्यांच्यावर रागवायला काही जागाच नव्हती, आणि तेच गुनवोरला सहन होईना.

एवढ्यात सिक्स्तेनने टेबलावरच्या डबीकडे हात नेला. अंगठ्या गुनवोरने आणून ठेवल्या होत्या. डाव्या हाताने त्याला डबी उघडेना. लेमलेमने काय करावं न कळून गुनवोरकडे पाहिलं. गुनवोरने डबी उघडली. त्याने त्यातली लहान अंगठी उचलली आणि बऱ्याच खटपटीनंतर तिच्या बोटात सरकवली. मग आपला हात पुढे केला. गुनवोरने दुसरी अंगठी त्याच्या बोटात घातली. त्याचा हात अगदी स्थिर होता. त्याने तिला जवळ ओढून तिच्या गालाचा मुका घेतला. मग अंगठी वर धरून सगळ्यांना दाखवली. आधी लेमलेमला, मग हेनिंगना, मग मान वळवून यल्वाला.

त्याच्या दृष्टीने लग्न लागलं होतं.

हेनिंग दारात थांबले होते. लेमलेमने केक कापला. सगळ्यांनी खाल्ला.

त्यानंतर गुनवोर रोज शिकवणी घेऊ लागली. देशोदेशीच्या माणसांना तिने स्वीडिश बोलायला लावलं होतं. ज्यांना कुठलंच अक्षर येत नव्हतं त्यांनाही. इथे तर एकच शब्द शिकवायचा होता, आणि तोही इवलासा. ती त्याच्यासमोर बसून ओठांचा आकार करून दाखवायची. "हो. बघ माझ्याकडे. हो."

"नाही."

"नाही नव्हे. हो."

"नाही," तो समजूत घातल्यासारखा म्हणायचा.

एकदा लेमलेम धावत येऊन म्हणाली, "बाई, ते गातात!" खरंच तो गात होता. दगड घडवताना गुणगुणायचा ते एक गाणं, शब्दांसकट. त्या गाण्यात मध्येच एक 'हो' होता, आणि तो स्वच्छ उमटत होता. गुनवोरला रडू फुटलं. तिने गाणं त्या शब्दाशी थांबवून पाहिलं. थांबलं की शब्द जायचा. नुसता तेवढाच काढून घ्यावा म्हटलं तर हातात काही येत नव्हतं.

पण सगळ्यात अवघड होतं ते वेगळंच. इतक्या चिकाटीने ही 'हो' कशासाठी म्हणायला लावतेय, हे त्याला कळत नव्हतं. तो अंगठीवर बोट ठेवायचा, तिच्या अंगठीवर ठेवायचा आणि खांदा उडवायचा. झालं ना आता, आणखी काय हवंय तुला? ती पुन्हा "हो म्हण" म्हणाली की तो चिडायचा, भिंतीकडे तोंड फिरवायचा. 'आपलं लग्न झालेलं नाही' हे वाक्य तिच्या ओठांवर कितीदा तरी आलं. तिने ते एकदाही उच्चारलं नाही. ते सांगायचं तर त्याच्या चेहऱ्याकडे बघून सांगावं लागलं असतं.

हेनिंगनी डॉक्टरांशी बोलून ठेवलं होतं. सिक्स्तेनला चित्रं दाखवून त्यातून निवडायला लावायचं, उपचार करणाऱ्या मुलीने शेजारी बसायचं, असं काहीसं ठरत होतं. तारीखही ठरली. तारखेच्या आधी सिक्स्तेनला दुसरा झटका आला. गुनवोर पोचली तेव्हा लेमलेम दाराबाहेर उभी होती. तिने गुनवोरचे दोन्ही हात धरले. त्या बाईला स्वीडिशमध्ये कितीतरी शब्द येत होते, पण त्या वेळी तिने स्वतःच्या भाषेतले काही शब्द म्हटले. गुनवोरला ते समजले नाहीत आणि तिने अर्थही विचारला नाही.

अंत्यविधीला लोक बरेच होते. तटबंदीवर त्याच्याबरोबर काम केलेले म्हातारे पाथरवट आले होते. नंतर यल्वा घरी आली. दोघी स्वयंपाकघरात बसल्या. यल्वा आता घराची मालकीण होती आणि तिला आपल्याच घरात कुठे बसावं कळत नव्हतं. गुनवोर नेहमीच्या जागी बसली होती आणि तिलाही आता ते चुकल्यासारखं वाटत होतं.

"त्या दिवशी," गुनवोर म्हणाली, "तू नुसतं म्हणाली असतीस तरी चाललं असतं. त्यांना होच म्हणायचंय, एवढंच."

"हो."

"तुला दिसत नव्हतं का गं? अंगठी दाखवली त्यांनी तुला."

"अंगठी नंतर दाखवली," यल्वा म्हणाली. ती कपाच्या कानाशी चाळा करत होती. "तू रागावू नकोस. नाहीतर रागाव. मी लहान होते, पप्पा निघाला तेव्हा. आई धक्क्यावर आली नाही, मी आजोबांबरोबर गेले होते. बोट सुटायची होती. मी विचारलं, पप्पा, तू परत येशील? तो खाली वाकला, माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, हो. अगदी स्पष्ट म्हणाला. तेव्हा त्याच्या जिभेला काही झालेलं नव्हतं."

गुनवोरने तिच्या कपात आणखी कॉफी ओतली.

"मी किती वर्षं त्या 'हो'चा अर्थ लावत बसले. आणि त्या दिवशी तो माणूस मला विचारतो, तुझ्या बापाच्या 'नाही'चा अर्थ काय? गुनवोर, मला खरंच माहीत नव्हतं. खोटं बोलले नाही मी. तुझं वाईट व्हावं म्हणूनही बोलले नाही."

"मला माहीत आहे," गुनवोर म्हणाली. तिला खरोखरच ते पटलं होतं. यल्वावर राग धरता आला असता तर किती सोपं झालं असतं, असंही तिला वाटून गेलं.

"तू इथेच राहा," यल्वा म्हणाली. "हवे तेवढे दिवस."

हवे तेवढे दिवस म्हणजे किती, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. हिवाळ्यात यल्वाचा नवरा आला. भला माणूस होता. त्याने विचारून विचारून खोल्यांची मापं घेतली, माळ्यावर मुलांसाठी पलंग बसतील का ते पाहिलं, गुनवोर समोरून आली की टेप खिशात घालायचा. त्याची ती धडपड गुनवोरला बघवेना. तिने विस्बीत तटबंदीच्या बाहेर एक लहानशी भाड्याची जागा शोधली आणि बर्फ वितळल्यावर तिथे राहायला गेली. पुस्तकं न्यायला लेमलेम आणि वर्गातली माणसं आली. भाकरी, मसालेदार रस्सा असं काय काय घेऊन आली, नि ओझी वाहून झाल्यावर सगळ्यांनी पायऱ्यांवर बसून खाल्लं. अंगठी गुनवोरच्या बोटात होती. नव्या शेजारणीने पहिल्याच दिवशी विचारलं, "तुमचे यजमान?" "गेले," गुनवोर म्हणाली. हे खरं की खोटं, हे ठरवायला तिच्याजवळ काहीच नव्हतं. शेजारणीने मात्र हळहळ व्यक्त केली आणि पुढे काही विचारलं नाही.

जून महिन्यात यल्वाचा फोन आला. मागे मुलांचा गोंधळ ऐकू येत होता.

"गुनवोर, नळाला पाणीच येत नाहीये. पंप चालू केला, नुसता घरघरतो."

"बंद कर आधी. जळेल."

"केला."

"आता विहिरीजवळच्या फळीखाली एक झडप आहे, लाल. ती उलटी फिरते. सगळ्या जगाच्या झडपा उजवीकडे बंद होतात, ही डावीकडे होते. तुझ्या वडिलांनी बसवलीय."

फोनमधून फळी सरकवल्याचा आवाज आला, मग यल्वाचा दम लागलेला श्वास.

"फिरत नाहीये गं."

"दोन्ही हातांनी धर. जोर लाव. घाबरू नकोस, तुटायची नाही."

गुनवोर फोन कानाला धरून आपल्या लहानशा खिडकीपाशी उभी होती. झडप कुठे अडते ते तिच्या हातांना माहीत होतं, पण हात इथे होते. मग लांबून पाण्याचा फवारा आणि मुलांचा आरडाओरडा ऐकू आला.

"आलं! गुनवोर, आलं पाणी! तू येशील का इकडे? रविवारी? मुलं विचारत होती."

"बघते," गुनवोर म्हणाली.

"म्हणजे हो की नाही?"

फोनमध्ये पाणी वाहत होतं. "आधी झडप अर्धी बंद कर," ती म्हणाली, "नाहीतर टाकी भरून वाहील."